हलणारी वस्तू पडद्यावर पुन्हा पुन्हा कशी काढायची: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खेळ, घड्याळाचा काटा, आलेखावरचा सरकता बिंदू, नकाशावरची गाडी: पडद्यावर काहीही हलवायला घेतलं की काही ठरावीक अडचणींशी गाठ पडतेच. चित्र लुकलुकतं, वस्तूमागे शेपूट राहतं, यंत्र तापतं, हालचाल अडखळते. मी बरीच वर्षं असा कोड लिहितो आहे. मला सतत विचारले गेलेले आणि मी स्वतः कधी ना कधी इतरांना विचारलेले प्रश्न इथे घेतले आहेत.

वस्तू तीच, चित्र तेच. मग ती नुसती सरकवता का येत नाही? पुन्हा काढायची कशाला?

कारण पडद्याला वस्तू ठाऊकच नसते. फ्रेमबफर म्हणजे पिक्सेलच्या रंगांचे आकडे ओळीने मांडलेली मेमरी. तुम्ही हिरव्या मैदानावर लाल चेंडू काढता तेव्हा काही आकडे हिरव्याचे लाल होतात, बस. चेंडूखालचं हिरवं कुठेही शिल्लक राहत नाही.

म्हणून चेंडू तीन पिक्सेल उजवीकडे न्यायचा तर दोन कामं करावी लागतात: नव्या जागी चेंडू काढणं आणि जुन्या जागी मैदान परत आणणं. पहिलं सोपं आहे, कारण चेंडूचं चित्र हाताशी असतं. खरी गोम दुसऱ्यात आहे. तिथे आधी काय होतं हे कोणाला आठवतंय? या विषयातली जवळजवळ प्रत्येक युक्ती या एका प्रश्नाचं वेगवेगळं उत्तर आहे. ते एकदा लक्षात आलं की कोणती युक्ती कुठे वापरायची हे पाठ करावं लागत नाही.

मग दर फ्रेमला, म्हणजे एकामागून एक दिसणाऱ्या प्रत्येक चित्राला, सगळा पडदा पुसून पहिल्यापासून का काढू नये?

परवडत असेल तर जरूर काढा. आठवण्याची भानगडच नको, हेही एक उत्तर आहे, आणि सगळ्यांत कमी चुका याच रस्त्यावर होतात. कॅमेरा फिरत असेल, त्रिमितीय दृश्य असेल, निम्म्याहून जास्त पडदा दर फ्रेमला बदलत असेल, तर दुसरं काही करायच्या फंदात पडू नका.

पण परवडणं म्हणजे काय ते आकड्यांत पाहू. १९२० × १०८० च्या पडद्यावर २०,७३,६०० पिक्सेल असतात. प्रत्येकाला ४ बाइट धरले तर एका फ्रेमचे सुमारे ८३ लाख बाइट होतात, आणि सेकंदाला ६० फ्रेम म्हणजे जवळपास ५० कोटी बाइट. ३८४० × २१६० वर हे सगळं चौपट. शिवाय हा हिशेब प्रत्येक पिक्सेलवर एकदाच लिहिलं असं धरून केलेला आहे. पार्श्वभूमी, तिच्यावर सावली, तिच्यावर वस्तू, वर अर्धपारदर्शक पट्टी असे थर आले की तेवढ्याच पटीने काम वाढतं. आजचं जीपीयू, म्हणजे चित्रं काढण्यासाठीचा खास प्रोसेसर, हे सहज उचलतं. बॅटरीवर चालणाऱ्या घड्याळाने किंवा छोट्या मायक्रोकंट्रोलरने (उपकरणात बसवलेल्या एका चिपच्या संगणकाने) ते का उचलावं, हा प्रश्न मात्र उरतोच.

एका फ्रेमसाठी हातात वेळ किती असतो?

६० हर्ट्झला, म्हणजे सेकंदाला ६० फ्रेम असताना, १६.७ मिलिसेकंद, १२० हर्ट्झला ८.३. त्यातही सगळा वेळ चित्र काढायला मिळत नाही. खेळाचे नियम, इनपुट, आवाज यांचा वाटा त्यातूनच जातो.

'डर्टी रेक्टँगल' म्हणजे नेमकं काय करायचं?

जिथे बदल झाला तेवढाच आयत मळला असं समजायचं आणि तेवढाच नव्याने रंगवायचा. इथे आठवण्याचं काम पिक्सेलवर सोडलेलं नसतं. ज्याला दृश्य माहीत आहे, त्या तुमच्या प्रोग्रॅमला पुन्हा विचारायचं: या आयतात काय काय दिसायला हवं?

एक उदाहरण आकड्यांसकट करू. ३२ × ३२ चा चेंडू (१००, २००) या ठिकाणी आहे. तो ३ पिक्सेल उजवीकडे आणि २ खाली गेला. जुना आयत आडवा १०० ते १३१, उभा २०० ते २३१. नवा आयत आडवा १०३ ते १३४, उभा २०२ ते २३३. दोन्हींना सामावणारा आयत ३५ रुंद, ३४ उंच, म्हणजे १,१९० पिक्सेल. वीस लाखांच्या जागी बाराशेहून कमी. हा फरक पाहिल्यावर लोक या युक्तीच्या प्रेमात का पडतात ते कळतं.

ही कल्पना फार जुनी आहे आणि ती खेळांपुरती नाही. १९८४ च्या मॅकिंटॉशमधलं बिल ॲटकिन्सन यांचं चित्र काढणारं क्विकड्रॉ 'रिजन', म्हणजे कोणत्याही आकाराचे भाग, याच कामासाठी वापरत असे. विंडोजमध्ये 'इनव्हॅलिडेटरेक्ट' म्हणून आयत मळका जाहीर करायचा आणि मग रंगवायचा निरोप येण्याची वाट पाहायची. युनिक्सवरच्या एक्स विंडोमध्ये झाकलेला भाग उघडा पडला की 'एक्स्पोज' हा निरोप येतो. तिन्ही ठिकाणी व्यवस्था प्रोग्रॅमला विचारते ते एकच: इथे काय होतं ते तू सांग.

जुना आणि नवा आयत एकत्र करावा की वेगळे ठेवावेत?

क्षेत्रफळाला विचारा. वरच्या उदाहरणात दोन वेगळे आयत म्हणजे १,०२४ अधिक १,०२४, एकूण २,०४८ पिक्सेल. एकत्र केल्यावर १,१९०. इथे एकत्र करणं स्वस्त. पण तोच चेंडू (१००, २००) वरून थेट (६००, ५००) वर उडी मारत असेल तर एकत्र आयत ५३२ × ३३२ चा होतो, म्हणजे १,७६,६२४ पिक्सेल, आणि त्यातला बहुतेक भाग विनाकारण रंगवला जातो.

म्हणून साधा नियम असा: एकत्र केलेल्या आयताचं क्षेत्रफळ दोघांच्या बेरजेपेक्षा कमी असेल तर एकत्र करा, नाहीतर राहू द्या. याहून हुशार पद्धती आहेत, पण वस्तू डझनभर असताना आयतांची जुळवाजुळव करण्यातच वेळ गेला तर हाती काय लागलं? मी तर मळके आयत १५-२० च्या पुढे गेले की सरळ सगळा पडदा काढतो. तो आकडा मोजून ठरवायचा असतो, माझा आकडा तुमच्या कामाला लागू होईलच असं नाही.

मळक्या आयतात इतर वस्तूंचेही तुकडे येतात. त्यांचं काय?

त्या आयताला स्पर्श करणारी प्रत्येक वस्तू खालून वर या क्रमाने पुन्हा काढायची, आणि काढताना क्लिपिंग, म्हणजे हद्दीबाहेर काहीच न रंगवण्याचं बंधन, त्या आयतापुरतं लावायचं. क्लिपिंग विसरलात तर काय होतं ते पाहण्यासारखं आहे.

समजा शेजारी एका झाडाची अर्धपारदर्शक सावली आहे आणि तिचा एक कोपरा तुमच्या आयतात येतो. क्लिप न लावता सावली काढली तर आयताच्या आतली सावली नव्या पार्श्वभूमीवर बसते आणि बरोबर दिसते. आयताच्या बाहेर मात्र सावलीवर सावली चढते. दर फ्रेमला ती थोडी आणखी काळी होते आणि सेकंदभरात तिथे काळा ठिपका उभा राहतो. असा हळूहळू गडद होत जाणारा डाग दिसला की क्लिपिंग तपासा. आणि क्लिपिंग ठीक असेल तर एकमेकांवर चढलेले दोन मळके आयत शोधा: पार्श्वभूमी सगळ्या आयतांची आधी रंगवून मग वस्तू आयताआयताने काढल्या, तर त्या सामाईक तुकड्यातही सावली दोनदा बसते. आयत एकमेकांपासून तोडून घ्या, नाहीतर प्रत्येक आयत पार्श्वभूमीपासून शेवटच्या थरापर्यंत पुरता संपवूनच पुढच्याला हात घाला.

सगळं बरोबर केलंय, तरी वस्तूच्या मागे एक पुसट रेघ राहते. का?

तुमचा आयत एका पिक्सेलने कमी पडतो आहे, असं मी न बघता सांगेन.

हे मी अनुभवातून बोलतो. एका मोजमापाच्या उपकरणाच्या पडद्यावर फिरणारा काटा काढायचा होता. काट्याच्या टोकांचे निर्देशांक घेतले, त्यांना सामावणारा आयत काढला, पुसला, नवा काटा काढला. काटा आडवा किंवा उभा असताना दोन्ही बाजूंना राखाडी धुरकट रेघ मागे राहायची. तिरपा असताना सगळं स्वच्छ. दोन दिवस मी कोन मोजण्याच्या कोडमध्ये चूक शोधत बसलो. शेवटी पडद्याचा तेवढा तुकडा आठपट मोठा करून पाहिला तेव्हा दिसलं: कडा मऊ दिसाव्यात म्हणून अँटी-एलियासिंग शेजारच्या पिक्सेलवर फिकट रंग सोडत होतं, आणि रेषेची जाडी तर मी आयतात धरलीच नव्हती. तिरप्या काट्याचा आयत आपोआप ऐसपैस होतो म्हणून तिथे ही चूक झाकली जायची.

तेव्हापासून आयत काढताना रेषेची निम्मी जाडी, सावलीचा पसारा आणि वर चारही बाजूंना एक पिक्सेल मी धरतोच. निर्देशांक अपूर्णांकात असतील तर डावी आणि वरची कड खालच्या पूर्णांकाला, उजवी आणि खालची कड वरच्या पूर्णांकाला न्या. जवळच्या पूर्णांकाला नेलंत की रेघ पुन्हा दिसायला लागेल.

खालचं चित्रच आधी जपून ठेवलं तर?

ही 'सेव्ह-अंडर' पद्धत. वस्तू काढण्याआधी तिच्याखालचा तुकडा बाजूच्या मेमरीत कॉपी करायचा, हलताना तो तुकडा परत ठेवायचा, नव्या जागेचा तुकडा उचलायचा, मग वस्तू काढायची. पार्श्वभूमी नव्याने रंगवणं फार महाग असेल, उदाहरणार्थ बारीक तपशिलांचा नकाशा असेल, तर याला तोड नाही.

एकच पथ्य पाळावं लागतं. दोन वस्तू एकमेकींवर आल्या असतील तर ज्या क्रमाने काढल्या त्याच्या बरोबर उलट क्रमाने उचलायच्या. आधी मासा काढला, मग त्यावर बुडबुडा काढला, तर बुडबुड्याच्या जपलेल्या तुकड्यात माशाचं शेपूट आहे. मासा आधी उचलून मग बुडबुड्याचा तुकडा परत ठेवलात तर नसलेल्या माशाचं शेपूट पाण्यात तरंगत राहतं. आणि पार्श्वभूमी मध्येच स्वतःहून बदलली, तर जपलेले सगळे तुकडे शिळे झाले असं समजा.

एक्सॉरने काढलेली वस्तू आपोआप पुसली जाते म्हणतात. ते कसं?

एक्सॉर म्हणजे दोन बिट वेगळे असतील तर १ आणि सारखे असतील तर ० देणारी क्रिया. तिचा गुण असा की तीच क्रिया दोनदा केली की मूळ आकडा परत येतो. पिक्सेल १०११००१० आहे. त्याला ११११११११ शी एक्सॉर करा, ०१००११०१ मिळेल. पुन्हा करा, १०११००१० हजर. म्हणजे खालचं काहीही जपायला नको आणि कोणाला विचारायलाही नको; पुसायचं म्हणजे पुन्हा एकदा काढायचं. क्रमाचंही बंधन नाही. मेमरी जेव्हा फार महाग होती तेव्हा ही युक्ती वरदान होती, आणि खिडकीचा आकार बदलतानाची ठिपक्यांची चौकट किंवा निवड करताना ओढली जाणारी चौकट वर्षानुवर्षं अशीच काढली गेली.

दोष रंगांचा आहे. वस्तूला स्वतःचा रंग राहत नाही. खाली जे असेल त्याच्या उलट रंग दिसतो. सगळ्यांत वाईट गत मधल्या राखाडीवर होते: १२७ ला २५५ शी एक्सॉर केलं की १२८ मिळतात, आणि १२७ व १२८ मधला फरक कोणत्याच डोळ्याला दिसत नाही. त्यामुळे चौकट तिथे असूनही गायब होते. शिवाय खालचं चित्र दोन एक्सॉरच्या मध्ये बदललं तर कचरा उरतो.

पडदा लुकलुकतो. थांबवू कसा?

लुकलुकतो कारण पुसलेली, अजून वस्तू न काढलेली अवस्था प्रेक्षकाला दिसते आहे. चित्र पडद्यामागच्या बफरात पूर्ण करा आणि तयार झाल्यावरच पुढे आणा: हेच डबल बफरिंग. पुढे आणायचे दोन मार्ग आहेत. मागचा बफर पुढच्यावर कॉपी करणं, किंवा डिस्प्लेला फक्त पत्ता बदलून देणं, म्हणजे पेज फ्लिप. फ्लिपला एकही पिक्सेल हलवावा लागत नाही.

डबल बफरिंग आणि डर्टी रेक्टँगल एकत्र वापरले आणि वस्तूमागे थरथरते पट्टे आले. हे काय?

हा माझ्या मते या सगळ्या विषयातला सर्वांत फसवा सापळा आहे, म्हणून सावकाश सांगतो.

दोन बफर धरा, अ आणि ब. पहिली फ्रेम अ मध्ये, चेंडू १०० वर. फ्लिप. दुसरी फ्रेम ब मध्ये, चेंडू १०३ वर. फ्लिप. तिसरी फ्रेम पुन्हा अ मध्ये काढायची आहे. तुमच्या नोंदीप्रमाणे जुनी जागा १०३, नवी १०६. तुम्ही त्यांना सामावणारा आयत स्वच्छ करता. पण अ मध्ये चेंडू १०३ वर नव्हताच! त्याच्यात दोन फ्रेम जुनं चित्र आहे, चेंडू १०० वर असलेलं. म्हणून १०० ते १०२ ही तीन पिक्सेलची कड तशीच राहते. चौथ्या फ्रेमला ब मध्ये १०३ ते १०५ राहते, पाचव्याला अ मध्ये १०६ ते १०८. दोन्ही बफरांत एकाआड एक कडा साचतात, दर फ्रेमला आलटून पालटून दिसतात, आणि थरथरणाऱ्या पट्ट्यांचं शेपूट तयार होतं.

उपाय: मळक्या आयतांची यादी एका फ्रेमपुरती न ठेवता मागच्या फ्रेमची यादीही जोडून घ्या. बफर तीन असतील तर मागच्या दोन फ्रेमच्या. आणि बफर किती आहेत यावर विसंबू नका, कारण व्यवस्था ते आपल्या मर्जीने फिरवते. जीपीयूने काढलेलं चित्र खिडकीपर्यंत पोचवणाऱ्या ईजीएल या इंटरफेसमध्ये 'बफर एज' नावाची सोय याचसाठी आहे: हातात आलेला बफर किती फ्रेम जुना आहे ते ती सांगते. उत्तर शून्य आलं तर आत काय आहे याची खात्री नाही, सगळं काढा. पत्ता न बदलता कॉपी करत असाल तर हा प्रश्नच येत नाही, कारण मागचा बफर एकच असतो.

वेगाने आडवी जाणारी वस्तू मधोमध कापल्यासारखी का दिसते?

याला टेअरिंग म्हणतात. डिस्प्ले चित्र वरून खाली ओळीओळीने वाचतो. जुन्या काचेच्या नळीतही तसंच होतं, आजच्या सपाट पॅनेलमध्येही तसंच आहे. वाचन अर्ध्यावर असताना तुम्ही बफर बदललात तर वर जुनी फ्रेम, खाली नवी. व्ही-सिंक ही सोय बफरचा बदल दोन वाचनांच्या मधल्या फटीत करते आणि कापलेपण जातं.

त्याची किंमत अशी की काम १७ मिलिसेकंदांत संपलं तर १६.७ ची गाडी चुकते आणि पुढची ३३.३ ला मिळते; केवळ दोनच बफर असतील तर वेग ६० वरून थेट ३० वर येतो. तिसरा बफर ही वाट पाहणं वाचवतो. बदलत्या रिफ्रेश दराचे डिस्प्ले उलटी व्यवस्था करतात आणि डिस्प्लेच तुमच्या फ्रेमसाठी थांबतो.

जुन्या खेळयंत्रांना इतक्या कमी ताकदीत हे कसं जमायचं?

बऱ्याच यंत्रांनी मूळ प्रश्नच उडवून लावला: वस्तू पार्श्वभूमीवर लिहायचीच नाही. म्हणजे पुसणंही नको. हार्डवेअर स्प्राइट म्हणजे हेच. कमोडोर ६४ च्या १९८२ च्या चिपमध्ये २४ × २१ पिक्सेलचे आठ स्प्राइट होते. प्रोग्रॅम फक्त निर्देशांक चिपच्या रजिस्टरमध्ये, म्हणजे तिच्यातल्या छोट्या कप्प्यांत, लिहायचा. काचेच्या पडद्यावर चित्र उमटवणारा किरण त्या जागी पोचला की चिप ऐन वेळी पार्श्वभूमीच्या जागी स्प्राइटचा रंग पाठवायची. निन्टेंडोच्या १९८३ च्या फॅमिकॉममध्ये ६४ स्प्राइट होते, पण एका ओळीवर आठच. नववा त्या ओळीवर दिसत नसे. खेळ लिहिणारे दर फ्रेमला स्प्राइटचा क्रम फिरवायचे, म्हणजे कोणीच कायमचं गायब होत नसे, सगळे आळीपाळीने लुकलुकायचे.

स्प्राइट नसलेल्या यंत्रांची गोष्ट मला त्याहून आवडते. टोमोहिरो निशिकादो यांच्या १९७८ च्या स्पेस इन्व्हेडर्समध्ये २ मेगाहर्ट्झचा ८०८० प्रोसेसर २५६ × २२४ चा एकरंगी बफर, म्हणजे ७,१६८ बाइट, सांभाळत होता. ५५ शत्रू दर फ्रेमला पुसून काढणं त्याच्या आवाक्याबाहेर होतं. म्हणून एका फ्रेमला एकच शत्रू हलवला जातो. सगळा थवा एक पाऊल सरकायला ५५ फ्रेम लागतात, आणि शत्रू मरत जातात तसतशी फेरी लहान होते व उरलेले वेगाने धावतात. खेळाची ती प्रसिद्ध वाढती धडधड चित्र काढण्याच्या मर्यादेतून आली.

संगणक अडकतो, खिडकी गोठते, तरी माऊसचा बाण का फिरत राहतो?

कारण बाण आजही बहुतेक वेळा स्प्राइटच आहे. डिस्प्ले हार्डवेअर तो वेगळ्या थरातून शेवटच्या क्षणी वर बसवतं. प्रोग्रॅमच्या बफरात तो नसतोच. झेरॉक्स आल्टोमध्ये १९७३ मध्येच असा १६ × १६ चा स्वतंत्र कर्सर होता.

पार्श्वभूमीच सरकत असेल तर? सगळंच मळकं झालं ना?

झालं, पण बहुतेक पिक्सेल तुमच्याकडे आधीच आहेत, फक्त चुकीच्या जागी. ते सरकवा आणि नव्याने उघडी पडलेली पट्टीच काढा. यासाठी लागणारी आयत उचलून ठेवण्याची क्रिया, बिटब्लिट, आल्टोवर १९७५ मध्ये डॅन इंगल्स आणि सहकाऱ्यांनी बसवली. करताना दिशा सांभाळा: चित्र खाली सरकवायचं असेल तर सर्वांत खालच्या ओळीपासून कॉपी करत वर या, नाहीतर पहिलीच ओळ पुढे पुढे चिकटत जाईल.

सरकवणंही टाळता येतं. पडद्यापेक्षा मोठा बफर ठेवायचा आणि डिस्प्लेने वाचन कुठून सुरू करायचं तो पत्ताच बदलायचा. जॉन कार्मॅक यांनी १९९० मध्ये कमांडर कीन या खेळासाठी ईजीए या तेव्हाच्या ग्राफिक्स कार्डावर याच सोयीला फरशांच्या, म्हणजे पार्श्वभूमी ज्यांनी मांडलेली असते त्या छोट्या चौकोनी चित्रांच्या, तुलनेची जोड दिली: पत्ता बदलल्यावर जिथे आधीची फरशी आणि हवी असलेली फरशी वेगळी, तेवढीच काढायची. आकाशाच्या शंभर फरशा सारख्याच असतील तर त्यांना हातही लावायचा नाही.

आता जीपीयू आहे. हे सगळं कालबाह्य झालं का?

जागा बदलली, प्रश्न तोच आहे. आजच्या खिडक्यांच्या व्यवस्थेत प्रत्येक खिडकीला स्वतःचा बफर असतो आणि कंपोझिटर ते एकत्र बसवतो. खिडकी सरकवली तर खालच्या प्रोग्रॅमला काही विचारावं लागत नाही. त्याचं चित्र शाबूत आहे. म्हणजे स्प्राइटचीच कल्पना, मुबलक मेमरीच्या जोरावर. पण कंपोझिटरलाही काय बदललं ते कळावं लागतं, म्हणून लिनक्सवरच्या वेलँड या खिडक्यांच्या व्यवस्थेत प्रोग्रॅम आपला मळका भाग 'डॅमेज' म्हणून कळवतो. काहीच बदललं नसेल तर काहीच काढायचं नाही, आणि बॅटरी तिथेच वाचते.

मोबाइलच्या जीपीयूबाबत मात्र एक उलटा सल्ला. ही जीपीयू प्रत्येक फ्रेम छोट्या चौकोनांत कापून, प्रत्येक चौकोन आतल्या वेगवान मेमरीत काढतात. 'जुनं चित्र राहू दे, मी थोडंच बदलतो' म्हणालात तर ते जुनं चित्र बाहेरच्या मेमरीतून आत आणावं लागतं, आणि हे आणणं कधी कधी नव्याने काढण्यापेक्षा महाग पडतं. तिथे फ्रेमच्या सुरुवातीला सगळं क्लिअर करणं फायद्याचं, नाहीतर मळका भाग आधीच सांगणारी 'पार्शल अपडेट'ची सोय वापरा.

ब्राउझरमध्ये काय पाळावं?

पुढची फ्रेम काढायची वेळ झाली की ब्राउझरच कळवतो ती 'रिक्वेस्ट ॲनिमेशन फ्रेम'ची सोय वापरा, टायमर नको. घटक हलवताना 'लेफ्ट' आणि 'टॉप' बदलण्याऐवजी 'ट्रान्सफॉर्म' बदला. त्यात मांडणी आणि रंगकाम पुन्हा न होता तयार थर फक्त दुसऱ्या जागी बसतो. 'हा घटक बदलणार आहे' असं ब्राउझरला आधीच सांगून त्याला वेगळा थर मिळवून देणारं 'विल-चेंज' सगळ्यांना लावत सुटू नका. पूर्ण पडद्याचा एक थर म्हणजे ८३ लाख बाइट, हे वर आलंच आहे.

कॅनव्हासवर स्थिर पार्श्वभूमी एका कॅनव्हासवर एकदाच काढा आणि हलणाऱ्या वस्तू त्यावर ठेवलेल्या दुसऱ्या पारदर्शक कॅनव्हासवर. वीस ओळींत काम होतं आणि आयतांचा निम्मा हिशेब वाचतो.

एसपीआयवर (बिट एकामागून एक पाठवणाऱ्या तारांवर) जोडलेल्या छोट्या रंगीत डिस्प्लेवर हालचाल फार संथ आहे.

अडचण तारेत आहे. ३२० × २४० पिक्सेल, प्रत्येकी १६ बिट, म्हणजे १२,२८,८०० बिट. ४० मेगाहर्ट्झच्या एसपीआयवर ते पाठवायलाच ३०.७ मिलिसेकंद जातात. कोड कितीही चांगला लिहा, सेकंदाला ३२ फ्रेमच्या वर जाताच येणार नाही. तोच आपला ३५ × ३४ चा आयत अर्ध्या मिलिसेकंदाच्या आत जातो. आयएलआय ९३४१ सारख्या कंट्रोलरला स्तंभ आणि ओळींची हद्द आधी सांगता येते. मग पाठवलेले पिक्सेल तेवढ्याच खिडकीत भरले जातात. तो तुकडा आधी मायक्रोकंट्रोलरच्या मेमरीत पूर्ण तयार करा, पार्श्वभूमीसकट, आणि एका झटक्यात पाठवा. पुसून मग काढलंत तर लुकलुकणं परत येईल.

फ्रेम वेळेत होतात, तरी वस्तू धक्के खात चालते.

तुम्ही जागा पूर्णांकात साठवत असाल. सेकंदाला २० पिक्सेल वेग म्हणजे ६० हर्ट्झला दर फ्रेमला एक तृतीयांश पिक्सेल. पूर्णांकात ते शून्य होतं आणि वस्तू हलतच नाही. जागा अपूर्णांकात ठेवा, काढतानाच पूर्णांक करा. आणि सरकणं फ्रेमवर नव्हे, गेलेल्या वेळेवर मोजा. मध्येच खंड पडला, समजा टॅब मागे गेला होता, तर आलेला मोठा कालावधी तसाच वापरू नका. त्याला कमाल मर्यादा घाला, नाहीतर चेंडू भिंतीपलीकडे पोचलेला असेल.

नेमका वेळ कुठे जातो ते पाहू कसं?

सगळ्यांत आधी मळके आयत डोळ्यांना दिसू द्या. दर फ्रेमला रंगवलेल्या प्रत्येक आयताभोवती यादृच्छिक रंगाची चौकट काढणारा स्विच कोडमध्ये कायम ठेवा. क्रोमच्या डेव्हटूल्समध्ये 'पेंट फ्लॅशिंग' हेच हिरव्या रंगात दाखवतं. अँड्रॉइडच्या डेव्हलपर पर्यायांत 'जीपीयू ओव्हरड्रॉ' चालू केलं तर एकाच पिक्सेलवर पुन्हा पुन्हा झालेलं रंगकाम कळतं: निळा म्हणजे एकदा जास्त, हिरवा दोनदा, गुलाबी तीनदा, लाल चार किंवा अधिक वेळा.

काही हलत नसताना पडदा चमकत असेल तर तिथून सुरुवात करा. मला असा पहिला गुन्हेगार बहुतेक वेळा सापडला तो मजकुराच्या चौकटीतला लुकलुकणारा कर्सर. दोन पिक्सेल रुंदीची ती रेघ, आणि तिच्यासाठी अख्खी खिडकी मळकी जाहीर होत होती.